भिकुफुईच्या सासरचा होकार

भिकुबाईचं सासर देवपूरला होतं. धुळ्याहून पांझरा ओलांडली की लगेच देवपूर. त्या सासरी ती सगळी मिळून सव्वा वर्ष नांदली आणि माहेरी चाळीस वर्षं राहिली, तरी गावात कोणी विचारलं तर ती ‘देवपूरवाली’च. बाईमाणूस एकदा दिलं की दिलं, मग ती दिलेल्या घरी राहो न राहो, असा हिशेब होता. तो कोणी मांडला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मोडायचं तर कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

नवरा पटकीने गेला तेव्हा ती अठराची होती. दहावा उरकल्यावर सासऱ्याने तिला बैलगाडीत घातलं, पाचोऱ्यापासून दोन कोसांवरच्या तिच्या माहेरी आणून सोडलं, बैलांना पाणी पाजलं आणि तो परत गेला. तिची दोन लुगडी आणि लग्नातला तांब्याचा हंडा तिकडेच राहिला. त्यानंतर सासरचं कोणी तिची चौकशी करायला आलं नाही. मेली की जगली, एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही.

पुढे संवत छपन्नचा, म्हणजे एकोणीसशे सालचा, दुष्काळ पडला. त्यात भावजय गेली, दोन महिन्यांचं पोर मागे ठेवून. हे पोर म्हणजे धनसिंग. त्याला भिकुबाईने शेळीच्या दुधावर वाढवलं. कापसाचा बोळा दुधात बुडवून ती त्याच्या तोंडात धरायची. शेळी मेली तेव्हा रांगेत उभी राहून सरकारी खडीच्या कामावर गेली, आणि पोर पाठीला बांधून तिने खडी फोडली. धनसिंग तिला फुई म्हणायचा. खानदेशात आत्याला फुई म्हणतात. पण ‘माय’ म्हणायला त्याच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे त्या एका शब्दात त्याने दोन्ही नाती बसवली होती.

म्हातारी गोड होती असं मात्र नाही. जिभेला धार होती, आणि आपलं खरं करायची खोड होती. घरात कापूस कधी वेचायचा, कोणती गाय ठेवायची, सुनेने माहेरी किती दिवस राहायचं, हे सगळं तीच ठरवायची. फरक एवढाच, की ‘मी ठरवलं’ असं तिने जन्मात म्हटलं नाही. दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायची. धनसिंग पस्तिशीचा झाला तरी त्याला वाटायचं, घरातलं सगळं आपल्याच डोक्याने चाललंय.

तिच्या कानाचं लक्षात आलं ते भुईमुगामुळे. खानदेशात तेव्हा भुईमूग नुकता रुळत होता. शेंग वाळली की नाही, हे बघायची रीत सोपी: शेंग कानाशी धरायची आणि हलवायची. आत दाणा खुळखुळला की पोत्यात भरायची. धनसिंगच्या घरी हा कौल फुईच्या कानाचा. एकोणीसशे पस्तीसच्या कार्तिकात तिने ढिगातली शेंग उचलली, डाव्या कानाशी हलवली आणि म्हणाली, "ओल्या शेतस. राहू द्या."

बारा दिवस ऊन खाल्लेला ढीग. धनसिंगच्या बायकोने, वच्छलाबाईने, शेंग हलवली तर ती खुळखुळली. "फुई, वाजस ना!" ती म्हणाली. "तुले वाजस, मले नही वाजत," फुई म्हणाली, आणि विषय संपला. ढीग आणखी आठ दिवस उन्हात पडून राहिला. टरफलं इतकी कडक झाली की हात लावताच फुटू लागली. शेवटी एके दिवशी फुईच्या डाव्या हातात सूप होतं म्हणून तिने शेंग उजव्या हाताने उचलली, उजव्या कानाशी नेली, आणि तिथेच थबकली. मग तीच शेंग डाव्या कानाशी. पुन्हा उजव्या. फुईने शेंग ढिगात टाकली आणि पोती भरायला घेतली.

कान एका दिवसात गेला नव्हता. आत भवरा फिरतो, असं ती वर्षभर म्हणत होती. लसणाचं तेल झालं, पाचोऱ्याच्या वैद्याने वात म्हणून काढे दिले, भगताने अंगारा फुंकला. काहीच उतार पडला नाही. मग चालण्यात फरक आला. डोक्यावर दोन हंडे घेऊन हात न लावता नदीवरून येणारी बाई, ती भिंतीला हात लावत अंगणातून ओसरीवर येऊ लागली. एकदा हंड्यांसकट पडली. हंडे चेपले, ती उठली आणि म्हणाली, "रस्ता वाकडा शे." तोच रस्ता तिने चाळीस वर्षं सरळ तुडवला होता.

धनसिंगने तिला जळगावला मोतीलाल डॉक्टरांकडे नेलं. मोतीलाल डॉक्टर मुंबईला शिकलेले, शांत माणूस. त्यांनी दोन बोटांचा लोखंडी चिमटा वाजवून तिच्या कानाशी धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर ती डावीकडे कलंडली. शेवटी त्यांनी कापसाची बारीक वात करून तिच्या बुबुळाला लावली. उजवा डोळा चटकन मिटला. डावा उघडाच राहिला. फुईने ती वात त्यांच्या हातातून घेतली, दोन बोटांनी ओढून पाहिली आणि म्हणाली, "हाऊ कापूस आखूड धागाना शे, डागदरभाऊ. चांगला मिळना नही का?"

मोतीलाल हसले, पण चिठ्ठी लिहिताना हसत नव्हते. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवा, म्हणाले. लवकर दाखवा.

मुंबईला आठ दिवस गेले. कानात थंड पाणी सोडून डोळे कसे फिरतात ते पाहिलं, डोक्याचा फोटो काढला. मोठे डॉक्टर मराठी मोडकं बोलायचे, म्हणून त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टराने धनसिंगला बाकावर बसवून समजावलं. ऐकण्याची शीर मेंदूकडे जाते, तिच्यावर गाठ आहे. सुपारीएवढी असेल. गाठ वाईट जातीची नाही, पसरत नाही, पण जागा वाईट आहे. हळूहळू वाढते आणि मेंदूला दाबते.

"मग काय करायचं?" धनसिंगने विचारलं.

तरुण डॉक्टराने काहीही लपवलं नाही. कानामागचं हाड उघडून गाठ काढता येते. इथे आजवर पाच जणांची काढली, दोघं घरी गेली. जे वाचतात त्यांचं तोंड बहुधा त्या बाजूला लुळं पडतं, डोळा नीट मिटत नाही, तो कान तर जातोच. दुसरं म्हणजे गाठीचा आतला गर तेवढा काढायचा आणि साल ठेवायची. त्यात धोका थोडा कमी, पण काही वर्षांनी गाठ पुन्हा भरते. तिसरं, किरणांचा शेक. दीड महिना मुंबईत राहावं लागेल, आणि गुण येईल असं छातीवर हात ठेवून कोणी सांगणार नाही. काहीच केलं नाही तर तीन वर्षं, चार वर्षं, कदाचित जास्तही. शेवटी डोकं दुखेल, नजर जाईल, घास गिळवणार नाही.

"आज त्यांची नजर चांगली आहे," तो म्हणाला. "करायचं असेल तर हेच दिवस चांगले. नजर एकदा गेली की ऑपरेशनने परत येत नाही. पावसाळ्याच्या आत या."

धनसिंगला शेतीतलं सगळं कळायचं. कोणत्या रानात काय पेरावं हे तो माती हातात घेऊन सांगायचा. इथे मात्र त्याची मती गुंग झाली. पाचातली दोन. तीन वर्षं, पण शेवटी आंधळी. एकदा वाटे, उद्याच करून टाकावं. लगेच वाटे, आपल्या हाताने नेऊन कसायाच्या दारात बांधायची का? फुई बाजूच्या बाकावर पदर ओढून बसली होती, उजवा कान त्यांच्याकडे करून. त्याने तिला गाठीचं तेवढं सांगितलं, बाकीचं गिळलं.

"कितली मोठी?" तिने विचारलं.

"सुपारीएवढी."

"सुपारी फोडाले अडकित्ता लागस," ती म्हणाली. मग म्हणाली, "मना देरले इचार. मी त्यासनी सून शे. त्यासना होकार नही तवलोक मी पाय उचलत नही."

धनसिंगला आधी नवल वाटलं, मग गहिवरून आलं. चाळीस वर्षं ज्यांनी ओळख ठेवली नाही, त्या घराची मर्यादा ही बाई अजून पाळते! परतताना तो जळगावला उतरला आणि मोतीलाल डॉक्टरांना भेटला. "तुमची आई असती तर तुम्ही काय केलं असतं?" असं त्याने सरळच विचारलं.

मोतीलालांनी चष्मा पुसला. "मी नेली असती," ते म्हणाले. "आणि ती गेली असती तर जन्मभर स्वतःला विचारत बसलो असतो. नेली नसती, तरी विचारत बसलो असतो. हे तुम्हाला कोणी सांगणार नाही म्हणून सांगतो." धनसिंगला उत्तर हवं होतं, आणि हे उत्तर नव्हतं. तो रागावूनच घरी गेला.

चैत्रात तो चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला गेला, पांझरा ओलांडून देवपूरला दीर शोधत फिरला. दिराचं नाव हिलाल. पन्नाशी उलटलेला, अंगाने किरकोळ, बोलण्याआधी दोनदा घसा साफ करणारा. भिकुबाईचं नाव ऐकून तो आधी गोंधळला. मग कावराबावरा झाला. मग पाट मांडून त्याने धनसिंगला असं बसवलं, की जणू व्याहीच आले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "वहिनी आमनी शे. इचार करना पडी. भाऊबंदसले इचारनं पडी. आते लगीनसराई शे, बठ्ठा गावोगाव फिरी राहिनात. तू आखाडमा ये."

घरी आल्यावर वच्छलाबाई भडकली. "चाळीस वरीस भाकर कोन्ही घाली? आपू घाली. मंग इचारानं कोनले?" तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण फुईपुढे ते म्हणायची छाती तिलाही नव्हती. आणि शस्त्रक्रिया करावी असंही तिचं मत नव्हतं. मरायचंच तर आपल्या अंथरुणावर मरावं, एवढंच ती म्हणायची आणि कामाला लागायची.

आषाढात धनसिंग पुन्हा गेला. भाऊबंद जमले होते. एक म्हणाला, देह फाडून गेलेला माणूस पितरांत बसत नाही. दुसरा म्हणाला, बसतो. हिलाल दोघांकडे आळीपाळीने मान डोलवत होता. शेवटी त्याने धनसिंगला विचारलं, "डागदरले पोरंबाळं शेतस का?" धनसिंगला ठाऊक नव्हतं. "मंग इचारी ये," हिलाल म्हणाला. "पोरंबाळंवाला मानूस सांभायी हात लावस." धनसिंगने कपाळाला हात लावला. पण गंमत अशी, की येताना गाडीत तोही विचार करत होता, डॉक्टरला पोरं असतील का.

पाऊस आला आणि पेरण्या झाल्या. मुंबईचा तरुण डॉक्टर म्हणाला होता ती वेळ निघून गेली. फुई ओसरीवर बसून राहायची. भिंतीला धरून का होईना, गोठ्यापर्यंत जायची. नातवंडांच्या खोड्या काढायची, वच्छलाबाईच्या कामात चुका काढायची. भादव्यात धनसिंग तिसऱ्यांदा देवपूरला गेला, तर पितरपाख सुरू होता, आणि त्या पंधरवड्यात हो म्हणणं बरं नव्हे. या खेपेला मात्र तो हिलालच्या दारातच ओरडला. हिलालचे डोळे भरून आले. "मनी काय समजमा येत नही, भाऊ," तो म्हणाला. धनसिंगला त्याची कीवही आली आणि घृणाही.

आणि मग दसऱ्याला हिलाल स्वतःच आला. डोक्याला नवं पागोटं, हातात नारळ, काखेत हिरवं लुगडं. भाऊबंदांचा होकार झाला होता. सुनेला मुंबईला न्यावं, सासरची हरकत नाही. फुईने पदर पुढे ओढला, लुगडं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. दिराला पुरणाचं जेवण वाढायला लावलं. सोनं लुटून झालं आणि हिलाल संध्याकाळच्या गाडीने गेला. चाळीस वर्षांत सासरहून आलेली ती पहिली वस्तू.

दुसऱ्या दिवशी धनसिंगने बैल जुंपले, पाचोरा गाठलं आणि तिथून आगगाडीने तिला जळगावला नेलं. मोतीलाल डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं. मग धनसिंगला बाहेर बोलावलं. डोळ्यांच्या मागे सूज आली होती. डावी नजर अर्धी उतरली होती. "चैत्रात पाचांत दोन होते," ते म्हणाले. "आता मी आकडा सांगणार नाही." तरी न्यायचं असेल तर ते चिठ्ठी देणार होते.

परतताना पाचोऱ्यापुढे धनसिंगने बैलगाडी आंब्याखाली सोडली आणि बैलांपेक्षा जास्त धापा टाकत बोलायला लागला. देवपूरवाल्यांनी सात महिने खाल्ले. बायल्या माणसाने घसा साफ करत करत माझी फुई मारली. मी पहिल्याच दिवशी कोणाचं न ऐकता नेलं असतं तर! फुई गाडीच्या साटीवर बसून, उजवा कान त्याच्याकडे करून, ऐकत होती. तो दमल्यावर ती हसली. तोंडाची डावी बाजू आता तिच्याबरोबर हसत नव्हती.

"हिलाल दहा वरीसना व्हता तव्हय मी त्या घरमा गयू," ती म्हणाली. "भाकर पहिले खावानी का ताक पहिले पेवानं, त्यावर घटकाभर बसे. भाकर गार व्हयी जाये. मले माहीत व्हतं तो कितला दिन लावी."

फुईने पदर सारखा केला आणि पुढे बोलली.

"मुंबईना डागदर तुले सांगी राह्यंता, तव्हय मना उजवा कान चांगला व्हता. एकूणएक बठ्ठं ऐकं मी. मले नही जानं व्हतं, पोर्‍या."

"मंग सांगं काबरं नही?" धनसिंगने विचारलं.

"मी नही म्हनतू तं तू ऐकता का? पायथीन उचली लयी जाता. आनि तठे मी मरतू, तं तू म्हनता, मी फुईले मारी टाकं. लयी नही जाता, तरी म्हनता, मी फुईले मरू दिन्हं. दोन्हीकडथीन घोर तुलेच." तिने दम घेतला. "आते हिलालले लागू दे. चाळीस वरीसमा त्या घरनी मनाकरता काडी हलावी नही. येवढं तरी करू दे त्यासले."

धनसिंगने खूप वेळाने बैल जुंपले. गाव जवळ आलं तेव्हा तो एकदम रडायला लागला आणि फुई त्याच्यावर खेकसली, कारण बैल वाट सोडून कपाशीत शिरले होते.

मुंबईची चिठ्ठी त्याने आणली नाही. फुई त्यानंतर साडेतीन वर्षं जगली. त्यातली दोन चांगली गेली. तिने दोन हंगामांचा भुईमूग उजव्या कानाने पारखला, धनसिंगच्या थोरल्या मुलीचं लग्न जमवलं, आणि ते वच्छलाबाईने जमवलं असं सगळ्यांना वाटू दिलं. शेवटचं वर्ष वाईट होतं. नजर पूर्ण गेली. डोकं दुखायचं तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून बसायची आणि कोणाला जवळ येऊ द्यायची नाही. पेज गिळताना ठसका लागायचा. धनसिंग तिला कापसाच्या बोळ्याने पाणी पाजायचा. या दिवसांत त्याच्या मनात मुंबई आली नाही असा एकही दिवस गेला नाही. तिच्या मनात आली का, हे त्याने विचारलं नाही.

एकोणीसशे चाळीसच्या वैशाखात ती गेली. अग्नी सासरचा, म्हणून देवपूरला निरोप गेला आणि हिलाल मुलाला घेऊन आला. सगळं यथासांग झालं. नदीवरून परतल्यावर माणसं ओसरीवर बसली, आणि हिलाल धनसिंगच्या शेजारी येऊन बसला. फार म्हातारा दिसत होता. घसा दोनदा साफ केला.

"मनाथीन उशीर व्हयी गया, भाऊ," तो म्हणाला. "मी लवकर हो म्हनतू, तं वहिनी वाचती. चार वरीस मले झोप नही."

धनसिंगने तोंड उघडलं. दोन शब्दांचं काम होतं: फुईलाच जायचं नव्हतं. एवढं सांगितलं असतं तर तो माणूस मोकळा होऊन देवपूरला गेला असता. पण मग तो घोर कोणाच्या डोक्यावर येऊन बसला असता, हे धनसिंगला चांगलं ठाऊक होतं. फुईने ते ठरवून ठेवलं होतं, आणि घरात तिने ठरवलेलं आजवर कोणी मोडलं नव्हतं. त्याने तोंड मिटलं आणि वच्छलाबाईला पाहुण्यांना चहा द्यायला सांगितलं.

हिलाल तेराव्यापर्यंत राहिला आणि रोज रडला. धनसिंगला मात्र रोज रात्री शांत झोप लागली, आणि त्या झोपेची त्याला मरेपर्यंत लाज वाटत राहिली.